'वोल्फ': मालवाहू आगबोटीच्या वेषांतील युद्धनौका

१९१७ सालच्या जून महिन्याच्या २३ तारखेस पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही टपालाची आगबोट मुंबईपासून सुमारें ५० मैलांवर सुरुंगावर आदळून बुडाली; २३ माणसें प्राणांस मुकलीं. आसपास शत्रूचें एकही जहाज नव्हतें. जर्मन आरमार तर युरोपांत कोंडलेलें. मग हे सुरुंग पेरले कोणीं? ज्या जहाजानें ते पेरले तें फेब्रुवारींतच येथून निघून गेलें होतें, आणि 'मंगोलिया' बुडाली तेव्हां न्यूझीलंडच्या समुद्रांत नवे सुरुंग टाकण्याच्या तयारींत होतें.

ह्या जहाजाचें नांव 'वोल्फ', म्हणजे लांडगा. मूळचें तें ब्रेमेनच्या हंसा कंपनीचें 'वाखटफेल्स' नांवाचें, १९१३ सालीं बांधलेलें साधें मालवाहू जहाज. वेग ताशीं जेमतेम १० ते ११ सागरी मैल. कोणत्याही क्रूझरनें पाठलाग केला असता, तर सुटकेची आशा नव्हती. परंतु त्याच्या कठड्यांच्या फळ्या बिजागरीवर बसविलेल्या होत्या. त्या खालीं पडल्या कीं मागें दडलेल्या तोफा उघड्या होत. धुराडें व डोलकाठ्या यांची उंचीही कमीजास्त करतां येई. पोटांत चारशेंहून अधिक सुरुंग व हजारों टन कोळसा घेऊन कप्तान कार्ल नेर्गर ३० नोव्हेंबर १९१६ रोजीं कील बंदरांतून निघाला. केप टाउन, कोलंबो व मुंबई यांच्या तोंडाशीं त्यानें ओळीनें सुरुंग टाकले.

हितोपदेशांत वाघाचें कातडें पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आहे. येथें वाघानेंच गाढवाचें कातडें पांघरलें होतें. मात्र त्या गाढवाचा घात झाला तो त्याच्या ओरडण्यानें, आणि नेर्गरनें हें नेमकें ओळखलें होतें. 'वोल्फ'चें बिनतारी यंत्र बोलत नसे, केवळ ऐके. 'मातुंगा' ही आगबोट काय माल घेऊन कोणत्या बंदरास निघाली आहे, हें तिच्याच संदेशांवरून त्याला कळलें, आणि ऑगस्ट १९१७ मध्यें ती त्याच्या हातीं पडली. दुसऱ्यांनींही ओरडूं नये याची काळजी तो घेई. केरमाडेक बेटांजवळ 'वायरूना' दिसतांच जहाजावरील लहान विमान उडालें व त्यानें तिच्यावर चिठ्ठी टाकली: बिनतारी यंत्र वापरूं नका, मुकाट्यानें 'वोल्फ'कडे या.

ह्या मौनाची खरी किंमत मात्र कैद्यांनीं मोजली. पकडलेल्या माणसांस बंदरावर सोडलें तर गुपित फुटणार. म्हणून प्रत्येक जहाजावरील खलाशी व उतारू, त्यांत बायका व एक लहान मुलगीही, बरोबरच नेणें भाग पडे. शेवटीं त्यांची संख्या चारशेंच्या वर गेली. ताज्या अन्नाच्या अभावीं स्कर्व्हीचा रोग बळावला.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं गुप्ततेला आपल्या परीनें हातभार लावला, हें चमत्कारिक वाटेल. पण तसें घडलें खरें. मार्च १९१७ मध्येंच, 'वोल्फ'नें पकडून एडनजवळ सुरुंग टाकण्यास धाडलेली 'तुरितेला' सांपडली, आणि ह्या लांडग्याची वार्ता त्यांना कळली. तरी लोकांत घबराट नको व शत्रूस सुगावा नको, म्हणून ती दाबून ठेवण्यांत आली. जुलैमध्यें ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ 'कंबरलंड' सुरुंगानें फुटली, तेव्हां आंत कोणी तरी बाँब ठेवला असावा असें सांगण्यांत आलें. संशयाचीं बोटें तेथील जर्मन वंशाच्या रहिवाशांकडे वळलीं. त्यांचा ह्या प्रकरणाशीं सुतराम् संबंध नव्हता.

कोणत्याही बंदराचा आसरा न घेतां ४५१ दिवस समुद्रावर काढून 'वोल्फ' फेब्रुवारी १९१८ मध्यें कीलला परतलें. त्याच्या जोडीचें, पकडून आणलेलें 'इगोत्स मेंदी' हें स्पॅनिश जहाज मात्र त्याच महिन्यांत डेन्मार्कच्या किनाऱ्यावर रुतलें व त्यावरील कैदी सुटले. जहाजावरचें गुपित त्यांच्याच तोंडून बाहेर आलें. युद्धानंतर 'वोल्फ' फ्रान्सच्या ताब्यांत गेलें. नांव बदलून पुन्हां माल वाहूं लागलेलें तें जहाज १९३१ सालीं मोडींत निघालें.