सर्पगंधेचे बीजारोपण घरच्या घरी

सर्पगंधेच्या मुळांत तिच्याच कुळातील रौवोल्फिया टेट्राफायलाची भेसळ आढळते. अस्सल वनस्पती दृष्टिपरिचित असावी, या हेतूने आम्ही घराच्या पूर्वेकडील खिडकीत तिची बीजपेटी मांडली. बी ताजेच घ्यावे. गतवर्षीच्या बियांनी आमची पुरती निराशा केली. रात्रभर भिजवून तरंगणारे बी टाकून द्यावे, ते बहुधा पोकळ असते. तळास छिद्रे असलेल्या ट्रेमध्ये माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घालून बी जेमतेम एक सेंटिमीटर खोल पेरावे. तीन आठवड्यांत अंकुर न दिसल्यास धीर सोडू नये. उगवण कमी व रेंगाळणारी असते. पाणी तुषारानेच द्यावे, अन्यथा कोवळी रोपे बुंध्याशी कुजतात. पुढे झाड वाढल्यावर पेरे पाहावे: टेट्राफायलाच्या पेऱ्यावर लहानमोठी चार पाने असतात, सर्पगंधेच्या पेऱ्यावर बहुधा तीन.