अनोळखी माणूस दिसला तर? हरवलेल्यांना घरी पोहोचवण्यात आपला वाटा



आपल्या गोरेगावच्या बसस्टँडवर किंवा आठवडी बाजारात कधीतरी एखादा अनोळखी माणूस दिसतो. कपडे मळलेले, केस वाढलेले, बोलणं कुणाला कळत नाही. पोरं मागे लागतात, एखादा खडाही मारतो. मोठी माणसं "येडा आहे, सोडा" म्हणून पुढे निघतात. पण तो कुणाचा तरी मुलगा, भाऊ, बाप असतो. घरचे त्याची वाट बघत असतील. अशा माणसाची ओळख कशी पटते आणि त्यात आपल्याला काय करता येतं, ते आज पाहू.

अफवेचा बळी

१ जुलै २०१८ चा दिवस आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले आणि जमावाने त्यांना मारून टाकलं. कुणी शांतपणे नाव-गाव विचारून पोलीस येईपर्यंत थांबलं असतं, तर पाच जीव वाचले असते. म्हणून अनोळखी माणसाची चौकशी कशी करायची, हे मुलांना शिकवणं गरजेचं आहे.

ओळख पटते ती बारीक खुणांवरून

चेहरा बदलतो. दाढी वाढते, माणूस वाळतो, मूल मोठं होतं. पण काही खुणा टिकतात: जुना व्रण, पडलेला दात, हातावर गोंदलेलं नाव, शर्टाच्या कॉलरवर शिंप्याच्या दुकानाची पट्टी. पोलीस हरवलेल्या माणसाची नोंद घेताना हेच विचारतात. अनोळखी मृतदेह सापडला तरी याच खुणा जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. बोलीही मोठी खूण आहे. दोन वाक्यं ऐकली तरी माणूस कोणत्या भागातला, याचा अंदाज येतो.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी १९८८ पासून काम करतं. कर्जतच्या त्यांच्या 'श्रद्धा' संस्थेत आधी उपचार होतात. औषधाने मन थाऱ्यावर आलं की माणूस हळूहळू गावाचं, घरच्यांचं नाव सांगू लागतो. मग कार्यकर्ते त्याला घरी नेऊन सोडतात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्याला आपण 'येडा' म्हणतो, त्याला घरही असतं आणि ते आठवूही शकतं!

निवृत्तीनंतरही चालू राहिलेला शोध

मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले राजेंद्र भोसले. २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ त्यांनी सहकाऱ्यांसोबत शोधल्या. राहिली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना हरवलेली सात वर्षांची मुलगी. भोसले २०१५ ला निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, घरापासून जवळच! ओळखीच्या एका बाईच्या मदतीने तिचं जुनं पोस्टर इंटरनेटवर मिळालं. त्यावरच्या पाच फोन नंबरांपैकी एकच चालू होता, शेजाऱ्याचा. तोही बंद असता तर?

नागपूरचं उदाहरण तर शाळेशीच जोडलेलं आहे. २०११ मध्ये रेल्वे स्टेशनवर सापडलेला, नीट बोलता न येणारा एक मुलगा तिथे वाढला. शाळेसाठी आधार कार्ड काढायला गेले, पण नोंदणी होईना. कारण त्याचे ठसे आधीच नोंदलेले होते! त्यावरून जबलपूरचं घर सापडलं आणि २०२१ मध्ये तो आई-वडिलांकडे गेला.

आपण काय करायचं?

१. अनोळखी, गोंधळलेला माणूस दिसला तर पाणी द्या, बसवा, हळू आवाजात नाव-गाव विचारा. सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

२. पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर कळवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार अशा भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे.

३. लहान मूल सापडलं तर १०९८ वर फोन करा. मूल परस्पर घरी ठेवून घेऊ नका, त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. फोटो ग्रुपवर टाकू नका. चुकीच्या माणसाच्याही हाती तो लागतो.

४. आपलंच माणूस हरवलं तर "२४ तास थांबा" असा कुठलाही नियम नाही. लगेच तक्रार द्या. मूल असेल तर गुन्हाच नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे.

५. तक्रारीत दिलेला फोन नंबर बदलू नका. बदलला तर ठाण्यात कळवा.

वर्गात करून पाहा

पहिली-दुसरीच्या मुलांकडून पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि घरचा एक नंबर तोंडपाठ करून घ्या. नुसतं "गोरेगाव" म्हटलं तर मुंबईचं की हिंगोलीचं, कसं कळणार? "गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली" असं पूर्ण म्हणायला लावा. औंढ्याच्या किंवा नर्सीच्या यात्रेला जाताना पालकांनी नंबराची चिठ्ठी मुलाच्या खिशात ठेवावी. आणि मोठ्या मुलांना एक प्रश्न विचारा: बसस्टँडवरच्या त्या माणसाला तुम्ही खडा माराल, की त्याचं नाव विचाराल?