जावा फर्न वाळूत पुरू नका

माशांच्या छोट्या टाकीत जावा फर्न हे पाणरोप मरतं ते बहुधा एकाच चुकीने: त्याचं आडवं, जाडसर खोड वाळूत गाडलं जातं. पानं आणि मुळं फुटतात ती याच खोडातून. ते पुरलं की कुजतं. त्याऐवजी दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला सुती दोऱ्याने सैलसर बांधा. काही आठवड्यांत मुळं स्वतःच पकड घेतात. रोप ३० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतं, म्हणून जागा मागच्या कोपऱ्यातली हवी, दिव्याच्या थेट खालची नको. मंद उजेड त्याला पुरतो. पानांमागचे तपकिरी ठिपके रोग समजून पान कापू नका, ते बीजाणूंचे पुंजके असतात. जुन्या पानाच्या टोकाला मुळांसकट चिमुकलं रोप लोंबताना दिसलं, तर अलगद तोडून दुसऱ्या दगडावर बांधा.