वेताळाच्या जंगलात नवख्याने शिरावे कोठून?

बारामती किंवा इंदापूर परिसरातील एखाद्या जुन्या घरात दिवाळीपूर्वीची झाडलोट सुरू होते. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते आणि शाळेच्या जुन्या पुस्तकांखाली कडा पिवळ्या पडलेले काही रंगीत अंक सापडतात. मुखपृष्ठावर अंगासरशा पोशाखातील एक बलदंड पुरुष, डोळ्यांवर काळी पट्टी, कमरेला कवटीचे चिन्ह असलेला पट्टा आणि शेजारी पांढरा घोडा. वर नाव असते 'इंद्रजाल कॉमिक्स'. घरातील पन्नाशीच्या माणसाला शाळकरी वयातील दुपार आठवते; पण चित्रपटांतील महानायकांवर वाढलेले मूल मात्र वेगळाच प्रश्न विचारते, 'यातला पहिला अंक कोणता?'

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर देणे अवघड आहे. वेताळाची कथा १९३६ मध्ये सुरू झाली आणि तिचा निर्माता ली फॉक याने १९९९ मधील आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, ती लिहिली. त्यानंतर इतरांनी ती पुढे चालविली. एवढ्या विस्ताराकडे पाहून नवा वाचक दाराशीच थबकतो. सर्व अंक क्रमाने मिळाल्याखेरीज वाचायचे नाही, असे तो ठरवतो. ते कधीच मिळत नाहीत आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते. म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे, की या मालिकेत 'पहिल्या अंकापासून' हा सल्ला सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

क्रमांक का फसवतात?

मूळ इंग्रजीतील 'फँटम' ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांतून सुरू झाली. सुपरमॅन वाचकांसमोर आला तो १९३८ मध्ये. त्यामुळे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवटा घालून अन्यायाशी लढणाऱ्या चित्रकथा-नायकांमध्ये वेताळाचे स्थान अगदी आरंभीचे आहे. दररोज तीन-चार चौकटी, अशी ही कथा चाले. मे १९३९ पासून रविवारची रंगीत मालिका तिच्या जोडीला आली. दैनिक कथा वेगळी, रविवारची वेगळी, असे दोन प्रवाह समांतर वाहू लागले.

भारतात टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघत असे. पहिल्या अंकात वेताळाच्या पट्ट्याची कथा होती. ती मुळात १९५० च्या दशकातील. म्हणजे भारतीय वाचकाचा 'पहिला' अंक हा वेताळाच्या आयुष्यातील मधलाच एक अध्याय होता. पुढेही कथा मूळ क्रमाने आल्या नाहीत. कधी नवी, कधी तीस वर्षांपूर्वीची, कधी दैनिकातील, तर कधी रविवारची. पहिल्या ३२ अंकांनंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी नायकही त्याच मालिकेत येऊ लागले. १९९० मध्ये प्रकाशन थांबेपर्यंत इंग्रजी आवृत्तीचा क्रमांक ८०३ वर पोहोचला होता आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अंक वेताळाचे होते. अंकावरील क्रमांक हा छपाईचा क्रम आहे, कथेचा नव्हे.

बरे, मूळ मालिकेच्या पहिल्या कथेपासून आरंभ करावा, तर तेथेही अडचण आहे. मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, चैनी तरुण असावा, असे फॉकच्या मनात आरंभी होते. कथा चालू असतानाच त्याने विचार बदलला आणि पिढ्यान् पिढ्यांचा वारसा सांगणारा जंगलातील वेताळ जन्मास आला. त्यामुळे पहिली कथा जाणकाराला रंजक वाटते, नवख्याला मात्र बुचकळ्यात टाकते. लेखकालाच आपला नायक तोवर पुरता गवसलेला नव्हता!

कोठूनही शिरता येते, ते का?

वृत्तपत्रात चालणाऱ्या कथेचा एक अलिखित नियम असतो. आजचा वाचक काल होताच असे नाही. म्हणून फॉक प्रत्येक कथेत वेताळाची ओळख नव्याने करून देतो. चारशे वर्षांपूर्वी समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले. एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागला. बांडार या बुटक्या वनवासींनी त्याची शुश्रूषा केली. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढण्याची शपथ घेतली. तो मेला, की त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो. त्यामुळे जगाला वाटते, की हा पुरुष अमर आहे. एवढे कळले, की कोणत्याही अंकाचे दार उघडते.

कीर्तनाला उशिरा आलेल्या श्रोत्याचे जसे आख्यानावाचून अडत नाही, तसेच हे आहे. बारामतीकरांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. कऱ्हेकाठच्या या गावी हयात घालविलेल्या कविवर्य मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) एकशे आठ रामायणे रचल्याचे सांगितले जाते. कुठे ओष्ठ्य वर्ण संपूर्ण टाळलेले 'निरोष्ठ रामायण', तर कुठे 'परंतु' हा शब्द गुंफलेले 'परंतु रामायण'. यांतील पहिले कोणते, असे विचारून कोणी अडून बसत नाही. नायक ठाऊक आहे, कथा ठाऊक आहे. प्रत्येक वेळी नवे असते ते सांगणे. वेताळाचे वाचनही याच वृत्तीने करावे.

वाचनाच्या चार पायऱ्या

याचा अर्थ क्रमाला काहीच महत्त्व नाही, असा नव्हे. कोणत्या प्रकारची कथा आधी आणि कोणती नंतर, हे ठरविल्यास रस वाढतो.

पहिली पायरी म्हणजे एका अंकात संपणारी जंगलातील कथा. हाती आलेल्या अंकांतून 'पुढील अंकी समाप्त' असा प्रकार नसलेला अंक निवडावा. कवटीच्या आकाराची गुहा, बांडारांचा प्रमुख गुरान, मुळात 'डेव्हिल' नावाचा लांडगा आणि 'हीरो' नावाचा पांढरा घोडा, ठोसा बसताच जबड्यावर उमटणारी कवटीची खूण आणि अधूनमधून येणारी जंगलातील म्हण, ही सारी सामग्री तेथे भेटते. असे दोन-तीन अंक वाचले, की या जगाची सवय होते.

दुसरी पायरी मूळ शपथेची आणि पट्ट्याच्या कथेची. सध्याचा वेताळ हा परंपरेतील एकविसावा. त्याच्या वडिलांचा, म्हणजे विसाव्या वेताळाचा खून कसा झाला आणि त्यांचा पट्टा कोठे गेला, हे ज्या कथेत येते ती आता वाचावी. आरंभीच वाचली तर ती एक सूडकथा वाटते. ओळख झाल्यावर वाचली तर ती एका मुलाची कथा होते.

तिसरी पायरी पूर्वजांची. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळाने लिहून ठेवलेल्या बखरी आहेत. एकविसावा वेताळ त्यातील पान उघडतो आणि कथा शे-दोनशे वर्षे मागे जाते. जंगल गस्ती दलाचा आरंभ सहाव्या वेताळाच्या काळात कसा झाला, सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्यूली हिने भावाच्या जागी पोशाख कसा चढविला, हे येथे कळते. पूर्वज आधी का वाचू नयेत? इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. पण तेथील मुलालाही शिवाजी महाराज आधी भेटतात, मग शहाजीराजे आणि त्यानंतर आजोबा मालोजीराजे. नातू मनात ठसला म्हणजे आजोबांविषयीचे कुतूहल आपसूक जागे होते.

चौथी पायरी बदलाच्या कथांची. वेताळाचे जग बव्हंशी स्थिर असले, तरी काही घटनांनी ते खरोखर पुढे सरकले. १९६० च्या दशकात त्याच्या देशात लोकशाही आली आणि डॉ. लामांडा लुआगा हे कृष्णवर्णीय नेते राष्ट्राध्यक्ष झाले. १९७७ मध्ये चार दशकांच्या प्रतीक्षेनंतर वेताळाचे डायनाशी लग्न झाले. त्या सोहळ्यास जादूगार मँड्रेक आणि त्याचा सोबती लोथार पाहुणे म्हणून आले होते. दोन्ही मालिका फॉकच्याच असल्याने ही दोन जगे तेथे उघडपणे एकत्र आली. १९७९ मध्ये किट आणि हेलॉईज ही जुळी मुले जन्मली. डायनाची ओढाताण आणि गुरानची निष्ठा ठाऊक असलेल्या वाचकालाच या कथांचा आनंद मिळतो. म्हणून त्या शेवटी.

यानंतर शेजारच्या घरात डोकवावे. मँड्रेक तर आहेच; पण १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर अवश्य वाचावा. डाकूचा मुलगा असलेला हा तरुण नागरिक सुरक्षा दल उभारून गावकऱ्यांनाच डाकूंविरुद्ध उभे करतो. त्याच्या कथेत मुखवटा नाही आणि सिंहासनही नाही.

नावांची अदलाबदल आणि एक सावधगिरी

जुने इंद्रजाल अंक आणि मूळ इंग्रजी पुनर्मुद्रणे शेजारी ठेवल्यास वाचक चक्रावतो. वेताळाच्या देशाचे मूळ नाव बंगालशी जुळणारे होते. इंद्रजालने ते 'डेंकाली' केले. चाच्यांच्या टोळीचे मूळ नाव 'सिंग' असे होते. भारतीय वाचकांना ते खटकेल म्हणून 'सिंगा' झाले. पोशाखाच्या रंगाचेही तसेच. अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा, तर इटलीत लाल. काही कथा जागेअभावी चौकटी गाळून छापल्या गेल्या. ही माहिती आधी असली, की दोन अंकांतील विसंगती पाहून आपले काही वाचायचे राहिले, असा समज होत नाही.

मराठी नाव मात्र अनुवादाहून अधिक काही देऊन गेले. वेताळ हा आपल्याकडे भुतांचा अधिपती, तसाच गावाचा राखणदार. पुणे जिल्ह्यातील कितीतरी गावांच्या शिवेवर शेंदूर फासलेला त्याचा दगड आढळतो. ज्याची भीती वाटते तोच आपले रक्षण करतो, ही कल्पना अमेरिकी लेखकाला कथा रचून सांगावी लागली. मराठी मुलाला ती नावासरशी उमगली.

पण एक गोष्ट नजरेआड करू नये. एका गोऱ्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या जंगलातील लोकांचा न्यायनिवाडा करावा आणि त्यांनी तो निमूटपणे मानावा, ही रचना वसाहतवादी काळाची देणगी आहे. आरंभीच्या कथांत वनवासींचे चित्रण अनेकदा भोळे आणि भित्रे असे आहे. फॉकने पुढे लुआगांसारखी पात्रे आणून, तसेच जंगल गस्ती दलाची सूत्रे कर्नल वोरुबू या स्थानिक अधिकाऱ्याकडे सोपवून ते काहीसे सावरले. मुलांबरोबर वाचताना थोरांनी हा प्रश्न स्वतःहून काढावा. प्रश्न विचारल्याने कथेची गोडी कमी होत नाही. वाचणाऱ्याची नजर मात्र तयार होते.

पेटी पुन्हा माळ्यावर जाण्यापूर्वी

या साऱ्याला थोडी निकड आहे. इंद्रजालचे मराठी अंक १९९० नंतर निघालेले नाहीत. इंग्रजी कथा अमेरिकेतील हर्मिस प्रेसने पहिल्या दिवसापासून क्रमाने ग्रंथरूपात आणल्या आहेत आणि अभ्यासकांची त्यामुळे सोय झाली आहे. परंतु मराठीतून बोलणारा वेताळ उरला आहे तो जुन्या पेट्यांत, रद्दीच्या दुकानांत आणि संग्राहकांच्या कपाटांत. हलक्या कागदावर छापलेले हे अंक वर्षागणिक ठिसूळ होत आहेत. पुण्यापासून शंभर किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या तालुक्यांत ज्या पिढीला शाळेबाहेरच्या वाचनाची चटक अशा अंकांनी लावली, तिची नातवंडे आता वाचू लागण्याच्या वयाची आहेत. महानायक त्यांना पडद्यावर भेटतात; मराठीतून भेटणारा महानायक त्यांच्या घरातच असेल, पण त्यांना ठाऊक नसेल.

म्हणून 'पहिला अंक कोणता?' या प्रश्नाचे उत्तर एकच. जो हाताला लागला आणि ज्याची शेवटची पाने शाबूत आहेत, तो. तो उघडावा, मुलाच्या शेजारी बसून मोठ्याने वाचावा आणि कवटीच्या शपथेपाशी क्षणभर थांबावे. पुढचा अंक कोणता, हे मग तेच मूल पेटीत हात घालून ठरवील.