थंडाव्याचे अंदाजपत्रक

विदर्भातला मे महिना कसा असतो, हे केळापूर तालुक्यातल्या मुलांना सांगायला नकोच! पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास रेंगाळतो. पांढरकवड्याच्या रस्त्यांवर दुपारी शुकशुकाट होतो. ज्यांना बाहेर पडावेच लागते, ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून निघतात. घरोघरी वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचे कूलर घुमू लागतात आणि आता पुष्कळ घरांत वातानुकूलन यंत्र, म्हणजेच एसी, बसवण्याचा विचार सुरू होतो.

विचार सुरू झाला की पहिला प्रश्न पैशांचा. एक कारागीर म्हणतो, "दीड टनाचा लागेल." दुसरा म्हणतो, "एक टन पुरे." दोघांच्या आकड्यांत काही हजारांचा फरक पडतो. खरे कोणाचे मानायचे? याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

प्रथम हा 'टन' म्हणजे काय ते पाहू. ते यंत्राचे वजन नव्हे! यंत्रे येण्यापूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरीत, म्हणून थंडावा बर्फाच्या भाषेत मोजला गेला. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलोग्रॅम बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. एक किलोग्रॅम बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. गुणाकार-भागाकार करून पाहा. दर सेकंदाला सुमारे ३,५०० जूल, म्हणजे ३,५०० वॉट, असे उत्तर येईल.

आता खोलीत उष्णता येते किती, ते मोजू. समजा, वरच्या मजल्यावर १२ फूट लांब व १२ फूट रुंद अशी खोली आहे. वर सिमेंटचा उघडा स्लॅब, पश्चिमेला एक भिंत आणि तिच्यात चार फुटी चौरस खिडकी. आतले तापमान २५ अंश ठेवायचे आहे.

स्लॅबचे क्षेत्रफळ सुमारे १३.४ चौरस मीटर. अशा स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून, दर एक अंश फरकाला, साधारण ३.३ वॉट उष्णता झिरपते असे धरू. उन्हात स्लॅबचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापला, तर फरक झाला ४० अंशांचा. तिन्ही आकड्यांचा गुणाकार येतो सुमारे १,७५० वॉट. याच रीतीने अंदाज केला तर पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन ७०० वॉट, तापलेली भिंत ५०० वॉट, तीन माणसांच्या अंगची उष्णता ३०० वॉट, पंखा, दिवा व दूरदर्शन संच २०० वॉट आणि दाराच्या फटींतून शिरणारी गरम हवा २५० वॉट. एकूण बेरीज ३,७०० वॉट. म्हणजे एक टनापेक्षा थोडी जास्तच.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यंत्रावर लिहिलेली क्षमता सर्वसाधारणपणे बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे तर बाहेर ४५! एसी उष्णता नाहीशी करीत नाही, तो ती आतून उपसून बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी काढण्यासारखेच हे आहे. विहीर जितकी खोल, तितके कष्ट जास्त आणि पाणी कमी. बाहेरचे तापमान वाढणे म्हणजे विहीर खोल होणे. म्हणून ऐन उन्हाळ्यात, नेमकी गरज असते तेव्हा, यंत्राची क्षमता घटते. आखाती देशांसारख्या वाळवंटी प्रदेशांसाठी यंत्रे ४६ अंशांनाही तपासण्याची वेगळी पद्धत आहे, ती याच कारणाने. ही घट आठवा हिस्सा धरली, तर एक टनाच्या यंत्राकडून आपल्याला सुमारे ३,०५० वॉटच मिळतील. ३,७०० वॉटना ते पुरणार नाही. दीड टन सांगणारा कारागीर बरोबर ठरला!

पण थांबा. बेरजेतला सर्वांत मोठा आकडा कोणता, ते पुन्हा पाहा. स्लॅब! त्यावर चुन्याचा पांढरा हात दिला, तर बरेचसे ऊन परत फेकले जाते. पृष्ठभाग ६५ ऐवजी ४९ अंशांवर राहिला, तर १,७५० चे सुमारे १,०५० वॉट होतात. खिडकीवर बाहेरून बांबूची ताटी सोडली, तर ७०० चे २०० वर येतात. ताटी बाहेरूनच हवी बरे का! आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. नवी बेरीज झाली २,५०० वॉट. आता एक टन पुरतो. चुना आणि ताटी यांनी अर्ध्या टनाचे यंत्र वाचवले आणि दरमहाचे वीजबिलही. म्हणून अंदाजपत्रकाची सुरुवात यंत्रापासून न करता छपरापासून करावी.

यंत्र ठरले की बसवण्याचा खर्च येतो. यातली प्रत्येक बाब भौतिकशास्त्रातूनच येते. आतला आणि बाहेरचा भाग जोडणारी तांब्याची नळी फुटावर मोजतात. ती जितकी लांब, तितका खर्च जास्त आणि क्षमता थोडी कमी. बाहेरचा भाग सावलीत, मोकळ्या हवेत हवा; कोंडलेल्या जागी तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि विहीर आणखी खोल होते. विजेची तार पुरेशी जाड हवी, कारण प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. अर्थिंग तर हवेच.

सर्वांत जास्त काटछाट होते ती निर्वाताच्या कामात. नळी जोडल्यावर तिच्यात हवा आणि बाष्प राहते. पंपाने दाब खूप कमी केला की आतले पाणी साध्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. याला अर्धा तास तरी द्यावा लागतो. हे काम टाळले, तर उरलेले पाणी बारीक नळीत गोठून वाट अडवते. काम झाल्यावर हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून स्वस्तात काम करणारा नेमके तेच गाळतो. दोन अंदाजपत्रकांत फरक दिसला, तर "निर्वात करणार का?" हे आधी विचारावे.

मजुरीचा विचारही न्यायाने करावा. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या गच्चीवर काम करणाऱ्या कारागिराला उष्माघाताचा धोका असतो. तो पहाटे किंवा संध्याकाळीच वरचे काम करू म्हणाला आणि त्यासाठी दोन खेपांचे पैसे मागितले, तर ते वाजवी आहेत. फेब्रुवारीतच काम उरकले, तर दोघांचाही फायदा.

मग कूलर वाईट का? मुळीच नाही. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेते. तासाला पाच लिटर पाणी उडाले, तर जवळजवळ एक टनाएवढी उष्णता शोषली जाते, तीही फक्त पंखा आणि छोटा पंप यांच्या विजेवर! मात्र पाणी पाहिजे आणि हवा कोरडी पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की हवेत आधीच बाष्प असते, पाणी उडत नाही आणि कूलर नुसता दमट वारा घालतो. तोपर्यंत कोरड्या विदर्भात त्याच्याएवढे काटकसरी साधन दुसरे नाही.

आता तुम्हांला एक प्रयोग. सारखे दोन रिकामे डबे घ्या. एकाला चुना लावा, दुसऱ्याला काजळी फासा. दोहोंत सारखे पाणी भरून झाकण लावा आणि सकाळी तासभर उन्हात ठेवा. मग तापमापकाने दोन्ही तापमाने मोजून वहीत लिहा. नंतर फूटपट्टी घेऊन आपल्या वर्गाच्या छपराचे आणि खिडक्यांचे क्षेत्रफळ काढा आणि वरच्याप्रमाणे बेरीज मांडा. वर्गातल्या मुलांना प्रत्येकी १०० वॉट धरायला मात्र विसरू नका!