मानसतज्ज्ञ हवा, पण कशासाठी?

आमच्या पतसंस्थेत कर्जाचा अर्ज घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे कशासाठी हवेत? म्हैस घ्यायची असेल तर एक कागद, घरावर पत्रा टाकायचा असेल तर दुसरा. नुसतं ‘कर्ज हवंय’ म्हटल्यावर काही पुढे सरकत नाही. माझा मुलगा सोहम ऑटिस्टिक आहे हे कराडात बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यामुळे कर्ज नको असलेली माणसंही माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, आवाज खाली घेतात आणि म्हणतात, “मॅडम, पोरासाठी एखादा चांगला मानसतज्ज्ञ सांगा की.” त्यांनाही मी तेच विचारते. कशासाठी?

बिचारी गोंधळतात. पोराला दाखवायचं, अजून कशासाठी? पण अडीच वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नाही ही एक गरज, सहा वर्षांच्या मुलाला ‘घरीच ठेवा’ असं शाळेनं सांगितलं ही दुसरी. कुणाला अपंगत्वाचा दाखला हवा असतो. कुणाचं पोर रात्र रात्र झोपत नाही, भिंतीवर डोकं आपटतं. ही सगळी कामं एकच माणूस करील असं नाही, आणि आपली गरज कोणती हे ठरवल्याशिवाय फोन लावला तर जो समोर येईल तो त्याला जे येतं तेच करतो.

यात माणसंही किती प्रकारची! औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. ऑटिझम बरा करणारं औषध नाही, पण झोप, टोकाची चिडचिड, अतिचंचलपणा यांवर औषधाचा उपयोग होतो, तेव्हा तो लागतो. फिट्स येत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञ. मोठ्या शहरांत मुलांच्या वाढ-विकासाचा खास अभ्यास केलेले बालरोगतज्ज्ञ असतात; मूल लहान असेल तर निदानाची सुरुवात त्यांच्याकडे करणं सगळ्यात बरं. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट, स्पर्श-आवाजाच्या त्रासासाठी आणि बटणं लावण्यापासून जेवण्यापर्यंतच्या रोजच्या कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आणि या सगळ्यांमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्याला आपण मानसतज्ज्ञ म्हणतो. मुलाची क्षमता तपासणं, वागण्यामागचं कारण शोधणं, आईबापांना घरी काय करायचं ते शिकवणं हे त्याचं काम. औषधाची चिठ्ठी तो देत नाही. देत असेल तर उठून यावं.

पाटी मात्र कुणीही लावतं. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स झालेल्या व्यक्तीच्या दारावर मी ‘बालमानसतज्ज्ञ’ वाचलेलं आहे. आत भिंतभर प्रमाणपत्रं होती, जवळ जाऊन वाचली तर निम्मी एकेका दिवसाच्या कार्यशाळांना हजर राहिल्याची. हा कागद बघण्याचा कीडा नोकरीनं लावला, पण इथे तो कामाला आला. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही १९९२ च्या कायद्यानं उभी राहिलेली संस्था. अपंग व्यक्तींसोबत काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची तिच्या केंद्रीय नोंदवहीत नोंद असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायचा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासायचा, मोबाइलवर होतं. बहुतेकांनी एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल केलेलं असतं, रुग्णालयात प्रत्यक्ष पेशंट बघत. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हजार रुपये! शहरात एका सेशनची फी तेवढी असते, त्यामुळे या दंडाला कुणी किती भीत असेल ते सांगायला नको. क्रमांक विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो याकडेही लक्ष ठेवते मी. खऱ्या माणसाला राग येत नाही.

आता तपासणीबद्दल, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

रक्त काढून किंवा स्कॅन करून ऑटिझम कळत नाही. मुलाकडे बघून, त्याच्याशी खेळून आणि घरच्यांना खोदून खोदून विचारूनच तो ठरतो. आपल्याकडे दाखल्यासाठी ‘आयसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ती भारतीय मुलांसाठी तयार केली. चाळीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण: नजरेला नजर देतो का, तेच तेच शब्द बोलतो का, आवाजानं बिथरतो का. बेरीज सत्तरच्या आत आली तर ऑटिझम नाही, पुढे सौम्य, मध्यम, तीव्र. बुद्धिमापनाच्या चाचण्या याहून जुन्या, आणि त्यांतल्या काही तर आपल्याच मातीतल्या. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ आजही वापरात आहे. नागपुरात काम केलेल्या ए. जे. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी बसवली, आणि मूल रोजच्या जगण्यात किती स्वावलंबी आहे हे मोजणारी व्हाइनलँडची मोजपट्टीही इकडच्या घरांना जुळवून घेतली.

एवढं असूनही सोहमची पहिली मोठी तपासणी झाली ती इंग्रजीत, आणि अडलं तिथे हिंदीत. एका मोठ्या शहरातलं नावाजलेलं केंद्र होतं, गारेगार एसी, भिंतीवर जिराफ. तेव्हा तो पाच वर्षांचा. समोरची बाई चित्र दाखवून “व्हॉट इज धिस?” विचारायची आणि हा खिडकीकडे बघत म्हणायचा, “कराड-चिपळूण गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे.” आमच्या स्टँडवरच्या घोषणा त्याला पाठ आहेत, अगदी घोषणा करणाऱ्या बाईंच्या चढउतारासकट. छत्रीच्या चित्राला तो ‘पावसाची’ म्हणाला. ते चूक धरलं गेलं. मी काचेपलीकडे बसून ऐकत होते. घरी सासूबाई छत्रीला पावसाचीच म्हणतात. त्यानं तरी दुसरं काय म्हणावं? अहवालात बुद्ध्यांकाचा जो आकडा आला तो वाचून त्याच्या बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कराड येईपर्यंत कुणी बोललं नाही. वर सल्ला मिळाला तो असा: घरी सगळ्यांनी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं.

हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो म्हणून थांबून सांगते. घरात दोन भाषा असल्यामुळे ऑटिस्टिक मुलांची भाषा मागे पडते असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट ज्या घरात आजी मराठीत लाड करते, भांडणं मराठीत होतात, तिथे आईनं मुलाशी शाळेत पाठ केलेल्या इंग्रजीत बोलायचं म्हणजे त्याच्या वाट्याचं निम्मं बोलणं काढून घ्यायचं. तेव्हा फोनवरच विचारा: तपासणी कोणत्या भाषेत करणार? घरी अहिराणी किंवा मालवणी असेल तर तेही सांगा. “भाषेनं काही फरक पडत नाही” असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा.

चांगल्या तपासणीला वेळ लागतो, बरेचदा ती एका बैठकीत संपतच नाही. चांगल्या अहवालात आकड्याशिवाय बरंच काही असतं: मूल कशात रमलं, कुठे थकलं, कोणती चाचणी करता आली नाही आणि का, पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या दोन-तीन गोष्टींवर काम करायचं. माझ्या मते शेवटचा भाग कोरा असेल तर तो अहवाल दाखल्याच्या फायलीत लावण्यापुरताच.

ज्या मानसतज्ज्ञ बाई आम्हाला पुढे लाभल्या, त्यांचं नाव मोठं नाही. दवाखाना जिन्याखालच्या खोलीत. सोहमला त्या वेळी कुकरच्या शिट्टीचा भयंकर त्रास व्हायचा. कान दाबून किंचाळायचा, हाताला चावायचा, आणि आम्ही वरणभात शेजारणीकडून शिजवून आणायला लागलो होतो. मला वाटलं होतं, त्या कानात घालायला काहीतरी सुचवतील. त्यांनी एक वही करायला सांगितली, तीन रकान्यांची: आधी काय झालं, मग त्यानं काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. वही लिहिली सासूबाईंनी, कारण स्वयंपाकघरात त्याच असतात. त्यांचं अक्षर मोडी वळणाचं आणि तपशील पोलीस पंचनाम्यासारखा. त्यातून असं दिसलं की तो शिट्टीला किंचाळत नव्हताच. कुकरचं झाकण लागलं की सुरू करायचा. आता शिट्टी कधी होईल, किती होतील, हे कळत नाही याचाच त्याला त्रास होता. मग बाईंनी पाटी लावायला सांगितली ओट्याशेजारी. पाटीवर तीन रेघा, दर शिट्टीला एक रेघ त्यानंच पुसायची, तिसरी पुसली की गॅस बंद, तोही त्याच्यासमोर. पहिले काही दिवस दाराबाहेर उभं राहून लांबून, मग उंबऱ्यावर. आता आमच्याकडे डाळ तीन शिट्ट्यांत शिजली नाही तरी तीनच शिट्ट्या होतात.

मानसतज्ज्ञाचं काम मला या पाटीनं दाखवलं. आठवड्याला एक तास मूल आत घेऊन दार लावून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. बाहेर बसलेल्या आईला आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. उरलेले सगळे तास मूल आपल्याकडे असतं. म्हणून विचारायचं: मला आत बसता येईल का? घरी काय करायचं ते दाखवाल का? शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलाल का? सहा महिन्यांनी सुधारणा झाली की नाही हे कशावरून ठरवाल? चौथ्या प्रश्नाला बरीच नावाजलेली मंडळी अडखळतात.

पैशाचं सांगायचं तर खासगीत सविस्तर तपासणीला काही हजार लागतात आणि पुढचं काम वर्षानुवर्षांचं. पण सगळं खासगीतच करायला हवं असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, शंका आली तर मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत पाठवतात. तिथे मानसतज्ज्ञाचं पद असतं आणि तपासणी मोफत. पद भरलेलं आहे का, कोणत्या वारी बसतात, हे आधी फोन करून विचारा. एसटीचं भाडं वाचेल. मोफत म्हणजे हलकं, असं धरून चालणारे लोक मला भेटतात. त्यांना एवढंच सांगते की जिन्याखालच्या आमच्या बाई शिकल्या त्या सरकारी रुग्णालयातच.

दाखल्याची घाई नको, पण टाळाटाळही नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे. दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत येतो. दहावीला जादा वेळ मिळतो. नातेवाइकांत शिक्का बसेल म्हणून दाखला न काढणारी घरं आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त विम्याचा फॉर्म पुढे करते.

काही दारांवरून मात्र लगेच परत फिरावं. ‘ऑटिझम शंभर टक्के बरा’ असं म्हणणारा. शंभर सेशनचे पैसे एकरकमी मागणारा. आमच्या ओळखीच्या एका घरानं त्यासाठी आमच्याकडेच सोनेतारण केलं, मीच पावती लिहिली. आणि स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवणारा तर अजिबात नको. ऑटिझमसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, असा उपचार करणं किंवा त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं २०२२ सालीच सांगितलं आहे.

सोहम आता तेराचा आहे. आवाज फुटतोय, मिसरूड दिसायला लागलंय, बाथरूमचं दार लावून घ्यायचं असतं हे त्याला शिकवायचं आहे. मुलींकडे टक लावून बघतो. अठरानंतर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागेल, ते वेगळंच. आमच्या बाईंनी स्वतःच सांगितलं, “मी लहान मुलांत काम करते. या वयासाठी दुसरं कुणी बघा, मी सगळी माहिती त्यांना देईन.” तेव्हा मी पुन्हा फोन लावत बसले आहे. कोल्हापूरच्या एकांना विचारलं, वयात येणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसोबत काम केलंय का? ते म्हणाले, “दोघांबरोबर. एकाचं छान जमलं, दुसऱ्याच्या घरच्यांना माझी पद्धत पटली नाही, त्यांनी थांबवलं.” का पटली नाही ते विचारलं तर तेही सांगितलं. पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. येताना काय आणू म्हटल्यावर म्हणाले, “त्याचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस लिहून आणा. रिपोर्ट नंतर बघू.” वही सासूबाईंकडे दिली आहे.