पहाटेचा चहा

आमच्या साताऱ्यात २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. २१ किलोमीटरची शर्यत, तीही यवतेश्वरचा घाट चढून! सासूबाई म्हणाल्या, "एवढं धावून मिळतं काय गं?" मला उत्तर सुचलं नाही.

२०१५ साली तर २,६१८ धावपटूंमुळे गिनीज बुकात सातारचं नाव गेलं. शर्यतीच्या दिवसांत लॉज भरतात, पाहुणे कंदी पेढे घेऊन जातात, हे खरंच. पण मैत्रिणींनो, मला फायदा दिसला तो वेगळाच.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. पण साडीवर बूट घालून रस्त्यावर निघायचं? लोक काय म्हणतील? शिवाय पहाटेचा चहा, डबे कोण करणार? मग सरावासाठी घाटात मुली, सुना, चाळिशीच्या बायकाही दिसायला लागल्या. त्या गर्दीत आमच्याकडे बघायला कुणाला वेळ होता! बचत गटातल्या आम्ही चौघी धीर करून निघालो. धावत नाही हं, चालतोच. सासूबाईंची कुरकुर मात्र चालूच होती.

२०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. सासूबाई टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. "मोहीची पोर ती!" असं शेजारी सांगून आल्या.

दुसऱ्या दिवशी मी फिरून आले, तर गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं.